कॉरचं टेबल

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. मला कोणाला पटवायचं नाही. पण यातली माणसं खरी आहेत. त्यातला एक माणूस मी हे लिहितेय तेव्हा समोरच्या सोफ्यावर बसून फुटबॉलची मॅच बघतोय.

माझा नवरा. शिरीष.

निदान मी तरी त्याला शिरीष म्हणते.

मी मंजूषा. आम्ही नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला राहतो. विमानतळ जवळ, ऑफिसं जवळ, सगळी घरं नवी आणि एकसारखी. शिरीष आणि मी दोघंही आयटीत. मुलगी मीरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच येतं.

हे सुरू झालं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. एका गुरुवारी. घड्याळं तासभर मागे गेली होती. पाच वाजताच बाहेर काळोख.

कारण अगदी साधं होतं. शिरीषला इथल्या पासपोर्टसाठी डच भाषेची परीक्षा द्यायची होती. लिहिण्या-वाचण्यात तो पास झाला, बोलण्यात नापास. परत बसला, परत नापास. त्याची जीभच वळेना.

मग त्याच्या ऑफिसमधला जयेश म्हणाला, "अरे, मोबाईलवरच्या ॲपशी बोलून काय होणारे? एखाद्या ब्राउन कॅफेत जाऊन बस. तिथले म्हातारे एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत."

ब्राउन कॅफे म्हणजे इथला जुन्या वळणाचा पब. गल्लीतल्या माणसांचा. पूर्वीच्या काळी आत इतक्या सिगारेटी ओढल्या गेल्या की भिंती आणि छत कायमचे तपकिरी झालेत, म्हणून ब्राउन. टेबलांवर गालिच्यासारखी जाड कापडं. ठरलेली गिऱ्हाइकं, त्यांच्या ठरलेल्या खुर्च्या.

हूफडॉर्पमध्ये असलं काही नाही. म्हणून शिरीष बसने हार्लेमला गेला. तिथे स्पार्न नदीजवळच्या एका अरुंद गल्लीत त्याला तो कॅफे सापडला.

नाव मी देत नाही. मुद्दामच.

पहिल्या गुरुवारी तो घरी आला तो इतका खुशीत की मलाच बरं वाटलं.

"मंजू, काय जागा आहे गं! खिडकीपाशी एक टेबल आहे, तिथे कॉर नावाचे आजोबा बसतात. ऐंशीचे असतील. मी आपला घाबरत घाबरत 'बसू का' विचारलं. तर म्हणाले, बस, मी तुझीच वाट बघत होतो."

"तुझी? ते कसे काय ओळखतात तुला?"

"अगं, गंमत करत होते."

मीही हसले तेव्हा.

कॉरने त्याला एक आठवण सांगितली होती. कॉर अठरा वर्षांचा असताना एका हिवाळ्यात सगळी नदी गोठली. तेव्हा कॅफेच्या मालकीणबाईंनी, रीत मावशींनी, चार स्टुलं आणि एक फळी थेट बर्फावर मांडली. तिथेच वाटाण्याचं गरम सूप आणि येनेवर विकायला सुरुवात केली. येनेवर म्हणजे इथली जुनी दारू, चिमुकल्या पेल्यात काठोकाठ भरून देतात. सगळं गाव स्केट्स घालून तिथे यायचं. एकदा पोलीस आला हटकायला, तर रीत मावशींनी त्यालाच सूप पाजलं.

शिरीष रंगवून सांगत होता. मीरा तोंडाचा आ करून ऐकत होती.

मी त्याचा कोट खुंटीला लावायला घेतला.

आणि थांबले...

कोटाला सिगारेटचा वास होता. ताजा नाही. खूप जुना, आंबट, लाकडात मुरल्यासारखा.

इथे कॅफेत सिगारेट ओढायला कित्येक वर्षांपासून बंदी आहे.

"कोणी आत ओढतं का रे?"

"छे. भिंतींचा असेल," तो म्हणाला.

दर गुरुवारी तो जायला लागला. दर गुरुवारी नवी आठवण घेऊन यायचा. कॅफेतला बोका बिलियर्डच्या टेबलावर झोपायचा आणि माणसं त्याला न उठवता त्याच्या बाजूने खेळायची. कॉर लहानपणी ट्यूलिपच्या गोदामात कंद सोलायला जायचा, बोटांना खाज सुटायची, मग सगळी पोरं नदीत हात बुडवून बसायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, सगळं त्या खिडकीपाशी.

ऐकायला फार गोड होतं. खरंच सांगते, मला त्या कॅफेचा लळा लागला होता, न बघताच.

डिसेंबर संपता संपता एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

आधी तो म्हणायचा, "कॉर सांगत होते." मग म्हणायला लागला, "ते लोक असं करायचे."

आणि एके दिवशी भाजी चिरताना सहज म्हणाला, "आम्ही नदीवर फळी टाकायचो ना, तेव्हा रीत मावशी आधी मला उभं करायची त्यावर. बर्फ टिकतो का बघायला."

"आम्ही?" मी विचारलं.

"काय?"

"आम्ही म्हणालास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "बोलण्याच्या ओघात गं."

त्याच आठवड्यात मी त्याला चहा दिला. कप जरा जास्तच भरला होता. शिरीषने कप उचलला नाही.

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले...

कमरेत वाकला, आणि टेबलावरच्या कपाला ओठ लावून पहिला घोट घेतला.

मी नंतर नेटवर शोधलं. काठोकाठ भरलेल्या येनेवरचा पहिला घोट जुनी माणसं तसाच घेतात.

माझ्या मनात संशय शिरला. भुताखेतांचा नाही हो. साधा, बायकोचा संशय. मला वाटलं हा प्यायला लागलाय. लपवतोय माझ्यापासून.

मग एका रविवारी दुपारी तो सोफ्यावर झोपला होता. झोपेत काहीतरी पुटपुटला. मी जवळ गेले.

"रीत..."

अगदी हळू. लाडाने.

मी त्याचा फोन घेतला. हो, घेतला, लपवून काय करू. मेसेज बघितले, फोटो बघितले, कॉल बघितले. काही नव्हतं. ऑफिस, मी, मीराची शाळा, मिरजेला त्याची आई.

इतकं स्वच्छ बघून तर माझा संशय वाढलाच.

मी मीराला हळूच विचारलं, "बाबा तुझ्याशी हल्ली डचमध्ये बोलतो ना? काय बोलतो गं?"

मीराने खांदे उडवले. ती डचमध्ये म्हणाली, "बाबा खूप छान बोलतो. पण विचित्र. वर्गातल्या सोफीच्या पणजोबांसारखा. असे शब्द आता कोणीच बोलत नाही."

दोन महिन्यांपूर्वी ज्याला सुपरमार्केटमध्ये पिशवी मागता येत नव्हती, तो माणूस.

शिरीषचं गाव मिरज. वडील रेल्वेत होते, सिग्नलवर. सगळं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील आता नाहीत. आई एकट्या राहतात, मिरजेतच. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल ठरलेला.

जानेवारीतला एक रविवार. मी कणीक मळत होते. आई फोनवर सांगत होत्या, "शिरीष, अरे आपली जुनी क्वार्टर्स पाडली रे. मी बघून आले. तो पाण्याचा हौद तेवढा उरलाय."

शिरीष म्हणाला, "अच्छा."

"तू पडला होतास बघ त्यात. टिंग्याने भुंकून भुंकून सगळी लाईन गोळा केली होती."

"टिंग्या कोण?" शिरीषने विचारलं.

मी कणकेच्या हातांनीच बाहेर आले.

टिंग्या हा त्यांचा कुत्रा. लग्न झाल्यापासून मी त्याच्या शंभर गोष्टी ऐकल्या असतील. टिंग्या गेला तेव्हा शिरीष पाचवीत होता आणि दोन दिवस जेवला नव्हता.

आई हसल्या, पण कसंनुसं. "चेष्टा करतोस काय आईची?"

"नाही. म्हणजे... आवाज कट होतोय." त्याने फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेला.

आवाज अजिबात कट होत नव्हता.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम ताटात कारळ्याची चटणी वाढली. आईंनी पाठवलेली. हिच्यासाठी तो भांडायचा माझ्याशी, मीराला सुद्धा चमचाभरच द्यायचा.

त्याने बोटाने चाखली. तोंड वाकडं केलं.

"हे काय आहे? कडू आहे गं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी त्याला डॉक्टरकडे नेलं. इथला फॅमिली डॉक्टर म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. ताप असो की फ्रॅक्चर, पॅरासिटामॉल. पण मी हटून बसले, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मेंदूचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कामाचा ताण. आणि तुमच्या मिस्टरांचं डच किती सुंदर आहे! माझे आजोबा असंच बोलायचे."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. मीराला समताकडे सोडलं. समता माझी मैत्रीण, शेजारच्याच इमारतीत राहते. ती म्हणाली, "मंजू, तिथे जाऊन तमाशा करू नकोस. बाई असेल तर फक्त बघून ये. पुढचं आपण ठरवू."

बाई असती तर बरं झालं असतं.

पाऊस भुरभुरत होता. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीला खालून अर्ध्यापर्यंत जाळीचा पडदा होता. मी टाचा उंचावून आत बघितलं.

शिरीष बसला होता. समोर एक म्हातारा. हाडकुळा, पांढऱ्या भुवया, जाड निळा स्वेटर. दोघांची डोकी इतकी जवळ की कपाळाला कपाळ लागेल.

मला वाटत होतं म्हातारा बोलतोय आणि शिरीष ऐकतोय.

नीट बघितलं...

दोघांचेही ओठ हलत होते. एकाच वेळी. एकमेकांकडे टक लावून दोघंही बोलत होते, आणि थांबत कोणीच नव्हतं.

मी दार ढकललं. दारावरची घंटा वाजली.

दोघंही गप्प झाले. एकदम.

आत चार-पाच म्हातारी माणसं होती. बारमागे चाळिशीतली एक बाई बिअरच्या पेल्यावरचा फेस सपाट करत होती. मला वाटलं, हीच. मी सरळ तिच्यासमोर गेले आणि माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं, "रीत कोण?"

ती गोंधळली. मग हसली. "रीत? रीत माझी आजी. मी इनेके. आजी जाऊन खूप वर्षं झाली. मी शाळेत होते तेव्हा."

"पण माझा नवरा..."

"तुमच्या नवऱ्याला आजीबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे," इनेके म्हणाली. आता ती हसत नव्हती. तिने आवाज खाली आणला. "आजी हिशेब चुकला की गुणगुणायची. एक विशिष्ट सूर. हे मी सुद्धा विसरले होते. मागच्या आठवड्यात तो गुणगुणत होता. तुम्ही कधीपासून येता इथे, असं विचारलं मी त्याला. तर तो म्हणाला, रीतने मला पहिली नोकरी दिली."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"मंजूषा."

अगदी नीट उच्चार. 'षा' सुद्धा. इथे गेल्या आठ वर्षांत एकाही डच माणसाला माझं नाव घेता आलेलं नाही.

कॉर माझ्याकडे बघत होता. त्याने खुर्ची पुढे ओढली. "बस."

मी बसले नाही. मी शिरीषचा दंड धरला. "चल."

शिरीष माझ्याकडे बघत होता, पण ओळखायला त्याला वेळ लागला. खरंच लागला. झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

कॉर हळू डचमध्ये बोलायला लागला, मला कळेल असं. "मी याला सांगत होतो. आमच्या घराबद्दल. वडील कंदील घेऊन जायचे, एक लाल, एक हिरवा. आई मला रोज काजळाची तीट लावायची. गालावर. शाळेतली मुलं हसायची. मी रडलो, तर तिने जागा बदलली. तळपायाला लावायला लागली. बुटाच्या आत. कोणाला दिसायची नाही."

शिरीषचा दंड माझ्या हातातून सुटला.

मीराचा जन्म झाला त्या दिवशी हॉस्पिटलात शिरीषने मला हे सांगितलं होतं. म्हणाला होता, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, हसशील म्हणून तुलाही नाही. आपण हिला पण तळपायालाच लावू.

मी मनाला समजावलं. शिरीषनेच सांगितलं असणार याला. म्हातारा चलाख आहे. एकटी माणसं हेरून, त्यांच्या पोटात शिरून काहीतरी उकळत असेल.

"तुला काय हवंय आमच्याकडून?" मी इंग्रजीत ओरडलेच.

कॉरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण चेहरा हसरा होता. लहान मुलासारखा.

"मी ननच्या अनाथाश्रमात वाढलो," तो म्हणाला. "मला आई नव्हती."

मग म्हणाला,

"आता आहे."

मी शिरीषला ओढत दारापर्यंत आणलं. दारात तो वळला आणि इनेकेला काहीतरी बोलला. हार्लेमच्या जुन्या बोलीतलं काहीतरी, मला एक शब्द कळला नाही. सगळी म्हातारी माणसं खळखळून हसली.

इनेके नाही हसली.

बसमध्ये मी त्याला विचारलं, "शिरीष, तुझी आई तुला तीट कुठे लावायची?"

त्याने विचार केला. मनापासून केला, मला दिसत होतं. कपाळावर आठ्या पडल्या.

"कसली तीट?" तो म्हणाला.

त्यानंतर मी त्याला जाऊ दिलं नाही. भांडले, रडले, मीराची शपथ घातली. तो थांबला. तसा तो गरीबच आहे. पण गुरुवार आला की खिडकीत उभा राहायचा आणि हार्लेमच्या बसकडे बघायचा.

मार्चमध्ये त्याने परीक्षा दिली. पास. तपासणाऱ्याने म्हणे विचारलं, तुमचे आजी-आजोबा हार्लेमचे का?

एप्रिलमध्ये तो कॅफे बंद झाला. विशेष काही नाही. इमारत विकली गेली, इनेकेला भाडं परवडेना. अशा जागा इथे सगळीकडेच बंद होताहेत. जयेशने ग्रुपवर बातमी टाकली होती. मी मनातल्या मनात हात जोडले. सुटलो, असं वाटलं.

शिरीषने बातमी वाचली. फोन खाली ठेवला. आणि ओक्साबोक्शी रडला. घरातलं माणूस गेल्यासारखा.

"अरे, तीन-चार महिने गेलास फक्त तिथे," मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले.

"साठ वर्षं," तो म्हणाला. "साठ वर्षं गं, मंजू."

शिरीष एक्केचाळीस वर्षांचा आहे.

मे महिन्यात आई आल्या. तिकीट खूप आधी काढलेलं होतं. मी किती घाबरले होते, सांगता येत नाही. विमानतळावर ढकलगाडी लोटत त्या बाहेर आल्या. शिरीषला बघून त्यांचा चेहरा उजळला.

शिरीष पुढे गेला. वाकून नमस्कार केला. रीतसर.

आणि म्हणाला, "तुम्ही दमला असाल. बसा ना थोडा वेळ."

तुम्ही.

सख्ख्या आईला.

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. घरी आल्यावर त्यांनी त्याच्यासाठी आणलेले डबे एकेक करून माझ्याच हातात दिले.

पंधरवडा असाच गेला. शिरीष त्यांच्याशी चांगला वागायचा. औषधं विचारायचा, शाल आणून द्यायचा. पण पाहुण्यांशी वागतात तसा. आई त्याच्याकडे बघत बसायच्या. तो जेवताना, तो बूट घालताना, तो मीराशी डचमध्ये बोलताना. एकदा मला म्हणाल्या, "मंजू, याला काय झालंय ते तू मला सांगत नाहीयेस."

"कामाचा ताण आहे, आई." डॉक्टरांचंच वाक्य.

"ताणाने माणूस आईला तुम्ही म्हणतो?"

मी भांडी विसळायला घेतली.

शनिवारची सकाळ होती. लख्ख ऊन. मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं असल्या गोष्टी अंधारातच होतात. आम्ही सगळे बाजारात जायला निघालो. आमच्या घराजवळच्या बसस्टॉपवर आलो. स्टॉपवर दोन शाळकरी पोरी होत्या. बाकावर कोणीतरी बसलं होतं.

हाडकुळा. निळा स्वेटर...

कॉर.

हार्लेमचा माणूस हूफडॉर्पच्या त्या आडबाजूच्या स्टॉपवर काय करत होता, मला माहीत नाही. आमचा पत्ता मी त्याला दिला नव्हता. शिरीषने दिला असेल. दिला असेलच. की त्याला पत्त्याची गरजच नव्हती?

मी शिरीषकडे बघितलं. तो कॉरकडे बघून ओळखीचं किंचित हसला आणि बसची वेळ बघायला लागला. बस्स. इतकंच.

मी आईंचा हात धरायला गेले. हात तिथे नव्हता.

आई बाकाकडे चालत गेल्या होत्या.

त्या माणसाबद्दल मी त्यांना एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. त्याचं नाव नाही, कॅफे नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आलेली बाई. डच येत नाही, इंग्रजी जेमतेम. गोऱ्या माणसासमोर बुजणारी.

त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तो बसलेलाच होता. मान वर करून त्यांच्याकडे बघत होता.

आईंनी त्याच्या गालावर हात ठेवला.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता तो म्हणेल की कळलं नाही. मला खूप वाटत होतं तसं.

"जेवलो गं," तो म्हणाला. "तू?"

मराठीत. आमच्या पुण्याच्या नव्हे, मिरजेच्या मराठीत. शिरीष आईशी बोलताना जो हेल काढायचा, तो हेल.

बस आली. दार उघडलं. शिरीष आत चढला, ड्रायव्हरशी त्या जुन्या डचमध्ये काहीतरी बोलला. ड्रायव्हर हसला. मीरा त्याच्यामागे चढली. मी आईंना हाक मारली. पुन्हा मारली. मग त्या आल्या, मागे वळून बघत बघत.

कॉर बाकावरच बसून राहिला. हात हलवत होता.

बसमध्ये आई माझ्या शेजारी बसल्या. खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या सीटवर त्यांचा मुलगा बसला होता, एक्केचाळीस वर्षांचा, धडधाकट.

"किती वाळलाय गं," आई म्हणाल्या.

एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. उरलेले दिवस त्या रोज सकाळी एकट्या फिरायला जायच्या. जाताना छोटा डबा घेऊन जायच्या. परत यायच्या तेव्हा डबा रिकामा असायचा आणि चेहरा शांत. मी एकदाही मागे गेले नाही. धीर झाला नाही.

त्या मिरजेला परत गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. शिरीष चांगला आहे. कामाला जातो, घर सांभाळतो, मीराला स्केटिंग शिकवतो. बर्फावर तो असा पळतो की लोक थांबून बघतात. माझ्याशी तो आधीपेक्षा प्रेमाने वागतो, खोटं कशाला बोलू.

पण पुण्यात आम्ही पहिल्यांदा भेटलो तो दिवस त्याला आठवतो का, हे मी अजून विचारलेलं नाही. ओठांवर येतं आणि मी गिळते. कारण उत्तर नाही आलं, तर तो दिवस कोणाकडे आहे हे मला कळेल.

हल्ली रविवारी आई व्हिडिओ कॉल करत नाहीत. साधा फोन करतात, तोही मला. मीराची चौकशी करतात. थंडी किती आहे विचारतात. मग जरा थांबतात, आणि आवाज मऊ करून विचारतात,

"तो कसा आहे गं?"

"बरा आहे," मी सांगते.

कोणाबद्दल विचारताय, हे मी विचारत नाही. आणि त्याही कधी नाव घेत नाहीत.